पीकविमा नव्हता, तरी मदत मिळते: अंगठ्याच्या मशीनमागून सांगते

परांडा तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि अर्ध्या तासात दम टाकणारा इन्व्हर्टर, एवढाच संसार. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि त्यानंतर माझ्या दारात जी रांग लागली, तशी लाडक्या बहिणीच्या फॉर्मच्या वेळीही लागली नव्हती. रांगेतला दर दुसरा माणूस आत येऊन पहिलं वाक्य हेच बोलायचा, "ताई, आमी इमा भरला नव्हता. आमाला कायच मिळत नसंल ना?"

मिळतं. विमा वेगळा, सरकारी मदत वेगळी. विम्याचा हप्ता तुम्ही भरता आणि भरपाई कंपनी देते. अतिवृष्टी, पूर, गारपीट यांची मदत आपत्ती निधीतून येते, आणि त्या निधीत केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के असतात. तिथं तुम्हाला विम्याची पावती कुणी मागत नाही. विमा असणाऱ्यालाही ही मदत मिळते आणि नसणाऱ्यालाही मिळते.

हा घोळ त्या वर्षी एवढा का झाला, त्याला कारण आहे. २०२३ च्या खरिपापासून विमा एक रुपयात होता, त्यामुळे न विचारता सगळेच भरायचे. २०२५ च्या खरिपात ती योजना बंद झाली आणि सोयाबीनसारख्या पिकाला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता आला. शिवाय नुकसान झालं की ७२ तासांत कळवून वैयक्तिक भरपाई मागायची सोयही गेली; त्या हंगामात सगळं महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक रानातलं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पन्नावर. आमच्या घरात सासरे म्हणाले, "जाऊ दे, मागच्या वर्षी तरी कुठं काय आलं?" आम्ही भरला नाही. दोन एकर सोयाबीन होतं, शेंगा भरत आलेल्या. चार दिवस पाण्याखाली राहिलं. तेव्हा मी काही शहाणपण सांगायला बसलेली नाही. आमच्यासारख्यांनी पुढं काय करायचं ते सांगते.

किती मिळतं, आधी हे नीट समजून घ्या

निम्मी भांडणं चुकीच्या आकड्यावरून होतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे दर असे: जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागेला २२,५००. मर्यादा दोन हेक्टर. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असलं पाहिजे. मध्ये जानेवारी २०२४ पासून राज्याने स्वतःची भर घालून १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, मर्यादाही तीन हेक्टर केली होती. मे २०२५ मध्ये ते मागे घेतले. मग पूर आला, आरडाओरडा झाला, आणि राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या मदत पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली, वर रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी १०,००० जादा मिळाले. दोन वर्षांत एवढे फेरे! म्हणून पाहुण्याला बार्शीत किती मिळाले, गेल्या खेपेला किती आले होते, याच्यावर हिशोब बांधू नका. त्या त्या हंगामाचा शासन निर्णय निघतो. महसूल व वन विभागाचा, मदत व पुनर्वसनाचा. सरकारच्या संकेतस्थळावर तो असतो, कुठल्याही सेवा केंद्रात प्रिंट काढून मिळतो. तो एकदा वाचा.

हिशोब सातबाऱ्यावरच्या पूर्ण क्षेत्राचा होत नाही, फक्त बाधित क्षेत्राचा होतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. आर म्हणजे ढोबळमानाने आपला गुंठाच. आमचं सोयाबीन ८० आर. ८,५०० गुणिले ०.८० म्हणजे ६,८०० रुपये. रब्बीचे १०,००० हेक्टरी म्हणजे आणखी ८,०००. या दोन रकमा वेगवेगळ्या शासन निर्णयांनी, वेगवेगळ्या वेळी आल्या. पहिली आली तेव्हा कित्येक जण माझ्याकडे येऊन म्हणाले, "टीव्हीवर साडेअठरा हजार सांगितले, अन् हे बघा!" साडेअठरा हजार हे दोन्ही मिळून होते आणि तेही पूर्ण हेक्टरला.

आणखी एक: ही मदत एका हंगामात एकदाच. ऑगस्टच्या पावसात उडीद गेला आणि सप्टेंबरात त्याच रानातलं दुसरं काही गेलं, तर त्याच क्षेत्राला दोनदा मिळत नाही.

पंचनामा: इथं जो चुकला तो शेवटपर्यंत चुकला

गावात तीन माणसं पंचनामा करतात. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. सरकारने आता तिघांचीही नावं बदलली आहेत, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. अर्जावर नवी नावं लिहा, बोलताना जुनीच चालतात.

अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. पण आमच्याकडे लोक इथंच अडकले. "आपल्या मंडळात तेवढा पाऊसच नोंदला नाही, म्हणजे आपण बाद." असं नसतं. सीना उगवते अहिल्यानगरकडं. पाऊस वर पडला तरी पाणी आपल्या रानात आलं. पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे. पुराने पीक बुडालं असेल तर पर्जन्यमापकाचा आकडा दाखवून तुम्हाला कुणी परत पाठवू शकत नाही. तोंडी परत पाठवलं तर लेखी अर्ज द्या.

पाणी ओसरलं की आपल्याला घाई होते. चिखल वाळला की रोटर फिरवून मोकळं व्हावं आणि हरभरा टाकावा. थांबा. पंचनामा होईपर्यंत निदान एक कोपरा तसाच ठेवा. त्याआधीच फोटो काढा, आणि फोटोवर तारीख व ठिकाण उमटणारं कॅमेरा ॲप वापरा. एक फोटो पिकाचा जवळून, एक बांधावरून पूर्ण रानाचा, एक असा की मागं विहीर, डीपी, पूल, काहीतरी ओळखीचं दिसेल. पोरांना हे पाच मिनिटांत जमतं.

पंचनाम्याच्या दिवशी रानात हजर राहा. स्वतःला जमलं नाही तर ज्याला गट नंबर पाठ आहे असा माणूस पाठवा, नुसता गडी नको. आणि सही करायच्या आधी चार गोष्टी बघा: गट नंबर पोटहिश्श्यासकट, खातेदाराचं नाव, बाधित क्षेत्र, पीक जिरायत की बागायत.

खातेदाराच्या नावाचं मी मुद्दाम सांगते, कारण फटका आमच्याच घराला बसला. जमीन सासूबाईंच्या नावावर आहे. पण गावात शेतकरी म्हणून सासऱ्यांनाच ओळखतात. पंचनामा करणाऱ्यांनी न विचारता त्यांचंच नाव टाकलं. सासऱ्यांनीही ऐटीत सही ठोकली. यादी आली तेव्हा त्या गटाला त्या नावाचा खातेदारच सापडेना. मी दिवसभर दुसऱ्यांच्या यादीतल्या चुका शोधते आणि घरातलीच राहिली! तहसीलमध्ये अर्ज, सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, सगळं जोडून दिलं. सहा आठवड्यांनी पुरवणी यादीत नाव लागलं. सासूबाई अजून म्हणतात, "माझ्या नावाचा एवढा राग का कुणाला?"

दुसरी ठेच ई-पीक पाहणीची. सातबाऱ्यावर या हंगामाचं पीक नोंदलेलं नसेल, तर पंचनाम्यात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर पड असा सामना होतो. पाहणी मोबाईलवरून आपणच करायची असते, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि रानात उभं राहून. घरी बसून फोटो काढला तर ॲप घेत नाही. चुकलं तर ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करता येतं. हे पूर यायच्या आधीचं काम आहे, म्हणून सगळे विसरतात.

जमीन खरडून गेली असेल तर ते पिकापेक्षा वेगळं नुकसान आहे. माती वाहून गेली, दरड पडली किंवा नदीने पात्र बदललं, तर अल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० आणि रानात गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,०००, असे २०२२-२६ चे निकष. पिकाच्या रकान्यात ते मावत नाही, म्हणून स्वतंत्र नोंद करायला सांगा. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामंही होती. जनावर मेलं असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरला कळवून पंचनामा होईपर्यंत पुरू नका. कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढा. दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० असा २०२२-२६ चा दर.

पंचनाम्यात नावच आलं नाही तर? गावच्या कट्ट्यावर बोलून काही होत नाही. तहसीलदाराच्या नावाने साधा अर्ज लिहा. गट, क्षेत्र, पीक, पाणी कधी शिरलं आणि कधी ओसरलं, फोटो. दोन प्रती. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर मारलेली हाक. पंचनाम्याची प्रत कुणी दाखवत नसेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. माझा अनुभव असा की बऱ्याचदा अर्जाचं नाव काढलं तरी कागद सापडतो.

यादी, नंबर आणि अंगठा

पंचनाम्याची माहिती पोर्टलवर चढली की शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक पडतो, लोक त्याला व्ही के नंबर म्हणतात. याद्या ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे लागतात. नाव सापडलं की नुसता यादीचा फोटो काढून पाठवू नका. तुमच्या ओळीचा जवळून काढा, नंबर वाचता आला पाहिजे. मला लोक अशा याद्या पाठवतात की त्यात ग्रामपंचायतीचा पंखासुद्धा दिसतो, नंबर तेवढा दिसत नाही.

येताना आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल आणा. मी नंबर टाकला की तुमचं नाव, गट, क्षेत्र, रक्कम पडद्यावर येते. इथं घाई करू नका. मी कितीही कावले तरी मला वाचून दाखवायला लावा. बरोबर असेल तरच अंगठा. चूक असेल तर तिथंच असहमती नोंदवता येते आणि प्रकरण तहसीलकडे परत जातं. चुकीवर अंगठा दिला तर ती चूक तुम्ही मान्य केली. झाल्यावर पावती घ्या आणि पासबुकात घडी करून ठेवा.

२०२५ मध्ये ज्यांचा फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढलेला होता, त्यांना ई-केवायसीची, म्हणजे या अंगठ्याची, गरज राहिली नाही, पैसे थेट गेले. त्यामुळे फार्मर आयडी काढला नसेल तर पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका. आणि काढला असेल तर त्यात सगळे गट जोडलेत का बघा. एका तात्यांच्या आयडीत चारपैकी एकच गट होता, तोही माळावरचा, जिथं पाणी कधी चढत नाही.

खात्यात का आले नाहीत

पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. आधार दोन-तीन बँकांत दिलेलं असलं तरी सरकारी पैसा एकाच खात्यावर जातो, जिथं शेवटचं जोडलं तिथं. २०२४ मध्ये बायकांनी लाडक्या बहिणीसाठी पोस्टाची खाती उघडली. आधार तिकडं गेलं. मग जिच्या नावावर रान, तिच्या मदतीचे पैसेही पोस्टात पडले, आणि घरधनी तिच्या जुन्या बँकेत पासबुक छापून छापून दमला. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे. ओटीपी टाकला की कुठली बँक ते दिसतं. आधी ते बघा, मग भांडायला जा.

दोन हजारांचा मेसेज आला तर तो किसान सन्मानचा किंवा नमो शेतकरीचा असतो, अतिवृष्टीचा नाही. आणि "नुकसान भरपाई यादी" म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल आली आणि ती उघडल्यावर ॲप बसवायला सांगत असेल, तर बसवू नका. यादी ॲपमधून येत नसते. असल्या फाईलमधून खाती रिकामी होतात.

पैसे आले पण बँक काढू देत नाही, असंही होतं. पीककर्ज थकलेलं असलं की खात्यावर होल्ड टाकतात. मदतीच्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असतं की बँकांनी ही रक्कम कर्जखात्यात वळती करू नये, वसुली करू नये. त्या पानाची प्रिंट काढा, ती ओळ पेनाने अधोरेखित करा आणि शाखाधिकाऱ्याला अर्जासोबत द्या. प्रत तहसीलला. आमच्या गावातल्या एका काकूंनी हे केलं. साहेब आधी म्हणाले वरून आदेश आहे. काकू म्हणाल्या, "वरचाच कागद आणलाय, वाचा." तिसऱ्या दिवशी होल्ड निघाला.

वारसाचं प्रकरण सगळ्यात जास्त वेळ खातं. खातेदार वारलेला, सातबाऱ्यावर नाव तसंच. यादीत मेलेल्या माणसाचं नाव येतं, अंगठा कोण देणार? मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, ऑनलाईन ई-हक्कवरूनही होतो. नोटिशीची १५ दिवसांची मुदत असते, मग फेरफार मंजूर होतो. दहावा-तेरावा उरकला की हे काम काढा, दु:ख असलं तरी. सामायिक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं; पुण्याला गेलेल्या दिराची सही दिवाळीत घेऊन ठेवा, पूर आल्यावर तो फोन उचलत नाही.

बटईवाल्याचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही. मदत सातबाऱ्याच्या मालकाच्या खात्यात जाते. बियाणं, खत, राबणं सगळं ज्याचं, त्याला कागदावर जागा नाही. हा नियम मला पटत नाही, पण आहे तो असा. रान बटईने घेताना मदत आली तर कशी वाटायची, हे चार माणसांत बोलून घ्या, जमलं तर लिहून घ्या.

आता अंगठ्याचं. भांगलून, कांदा काढून, धारा काढून लोकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. पाच-पाच वेळा लाल लाईट लागते आणि म्हातारी माणसं माझ्याकडं असं बघतात, जसं त्यांनीच काही चोरलंय. आदल्या रात्री बोटांना खोबरेल लावून झोपा, सकाळी पुसून या. अंगठा नाही चालला तर दुसरी बोटं असतात, आणि आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवरही होतं. कपाशी वेचून थेट येऊ नका. आणि दुपारी दोन ते चार तर अजिबात येऊ नका, तेव्हा आमच्या फिडरची लाईट नसते.